दरवाजा एक, भाव तीन

ठाणे जिल्ह्यात पत्ता सांगताना ‘मानपाडा’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कुठलं?’ एक मानपाडा ठाण्याचं, घोडबंदर रस्त्यालगतचं, चितळसरला चिकटलेलं. दुसरं डोंबिवलीचं. स्टेशनाकडून येणारा मानपाडा रस्ता कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो, तिथलं. पहिल्यातल्या गाड्यांवर बहुधा एमएच ०४ असतं, दुसऱ्यातल्या गाड्यांवर एमएच ०५. मेट्रोच्या नकाशातही दोन्ही आहेत: ठाण्याचं मेट्रो ४ वर, डोंबिवलीचं मेट्रो १२ वर. दोन्हीकडे अवजड ट्रक, बॅरिकेड, उडणारी धूळ आणि दोन गाड्यांमधल्या फटीतून हँडल घासत निघणारे दुचाकीस्वार आहेत. त्यामुळे दोन्हीकडे डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्याला मरण नाही.

समजा, अशा एखाद्या रस्त्यावर एका पांढऱ्या हॅचबॅकच्या मागच्या दरवाजाला खोच पडली. तळहाताएवढा पोचा, त्यावर वीतभर ओरखडा. मालक कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेला, तर भाव आला २,८०० रुपये. ॲपवरून गाडी उचलून नेणाऱ्या वर्कशॉपने ४,००० सांगितले. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कागदावर ६,००० आणि वर जीएसटी असा आकडा पडला. दरवाजा एक, भाव तीन. मालकाला वाटतं, यातला कुणीतरी आपल्याला गंडवतो आहे. पण तिघेही आपापल्या जागी खरं बोलत असतील, कारण तिघे तीन वेगवेगळ्या कामांचे भाव सांगत आहेत. नाव मात्र तिन्ही कामांचं एकच: ‘पेंट’.

हा भाव कसा बनतो हे समजून घ्यायला एक धागा उपयोगी पडतो, आणि तो सापडतो विम्याच्या नियमांत. मोटार विम्यात रंगकामाचं बिल एकत्रित आलं, म्हणजे माल किती आणि मजुरी किती हे वेगळं दाखवलेलं नसलं, तर त्यातला २५ टक्के भाग मालाचा धरला जातो. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनीच मान्य केलं आहे की रंगकामाच्या शंभर रुपयांत रंग, थिनर, हार्डनर, पुट्टी, कागद हे सगळं मिळून पंचवीसचं. उरलेले पंच्याहत्तर रुपये माणसांच्या हातांना आणि त्या हातांना मिळालेल्या जागेला जातात.

रंग खरोखरच थोडा लागतो. एका दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला फवारायला तयार झालेला रंग पाव लिटरच्या आसपास पुरतो. त्यातलाही बराचसा वाया जातो. जुन्या धाटणीच्या स्प्रे गनमधून निघालेल्या रंगापैकी जेमतेम तिसरा हिस्सा पत्र्यावर बसतो, बाकीचा धुकं होऊन हवेत उडतो. कमी दाबाच्या नव्या गनमध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत जातं.  

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. सगळ्यात खाली गंजरोधक थर. तो बसवताना अख्खी बॉडी रसायनाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो थर फटीफटींत नेऊन चिकटवतात. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग म्हणजे बेस कोट, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. चारही थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन. माणसाचा केस असतो ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे ज्या रंगावरून गाडीची किंमत, मालकाची ऐट आणि शेजाऱ्यांची भांडणं ठरतात, तो सगळा मिळून दोन केसांएवढा. त्यातही खरा रंग पंधरा-वीस मायक्रॉनचाच. चमक असते ती वरच्या क्लिअर कोटची.

हे थर कारखान्यात १४० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजले जातात. तेव्हा बॉडी नुसती पत्र्याची असते, त्यामुळे ते चालतं. गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत मात्र वायरिंग असतं, सीटचा फोम असतो, रबर आणि प्लॅस्टिक असतं. तिला १४० अंशांत घातलं तर रंग पक्का होईल आणि गाडी वितळेल. म्हणून दुरुस्तीचे रंग वेगळे. त्यांत हार्डनर मिसळतात आणि ६० ते ७० अंशांत, अर्ध्या-पाऊण तासात ते सुकवतात. हेच ते ‘पीयू’, म्हणजे पॉलियुरेथेनचं काम. १९२० साली लोअर परळला गहागन पेंट्स म्हणून सुरू झालेली, आज कन्साई नेरोलॅक नावाने चालणारी कंपनी मोटार कारखान्यांना रंग पुरवण्यात देशात आघाडीवर आहे. पण डब्यावर नाव तेच असलं, तरी कारखान्याच्या टाकीतला रंग आणि गॅरेजच्या फळीवरचा रंग एकच असू शकत नाही. ‘सेम कंपनी कलर मारून देतो’ या वाक्याचा अर्थ एवढाच, की छटा तीच असेल.

मोटार कारखान्याचं पेंट शॉप डोंबिवलीच्या मानपाड्याला नवं नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना पद्मिनी मोटारीमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९० च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारीत ‘प्यूजो ३०९’ तयार होत होती. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली, कारखाना थंडावला, आणि आता त्या बाजूला उंच इमारती आल्या आहेत. ‘प्रीमियर ग्राउंड’ हे नाव तेवढं उरलं आहे, तेही सभांच्या बातम्यांतून. ठाण्याच्या मानपाड्याशेजारी कोलशेतलाही असंच झालं. सँडोझ आणि पुढे क्लॅरियंट या रंग-रसायनांच्या कंपन्यांची जमीन २०१४ मध्ये गृहप्रकल्पासाठी विकली गेली. कारखाने गेले. त्या इमारतींत राहायला आलेल्यांच्या गाड्या पार्किंगच्या खांबांना घासतात, आणि गॅरेजवाल्यांना काम मिळतं.

आता तो दरवाजा गॅरेजमध्ये आत गेल्यावर त्याचं काय होतं ते पाहू.

आधी दरवाजाचं हँडल, बीडिंग, काचेची पट्टी काढतात. निदान काढायला हवी. मग डेंटर पोचा काढतो. शक्य असेल तिथे आतून हात घालून, नाहीतर पत्र्याला वॉशर चिकटवून बाहेर ओढून. हे काम जितकं कसबी, तितकी पुढे पुट्टी कमी लागते. डेंटरने घाई केली तर खड्डा पुट्टीने भरला जातो. पुट्टीत हार्डनर घातला की ती पंधरा-वीस मिनिटांत दगड होते. मग घासकाम. आधी ८० नंबरचा खरबरीत कागद, मग १८०, मग ३२०. त्यावर प्रायमर, तो सुकला की पाणी मारत ६०० किंवा ८०० नंबरचा वॉटर पेपर. पत्र्यावरून तळवा फिरवून, डोळे मिटून उंचवटा शोधणारा कारागीर प्रत्येक चांगल्या गॅरेजमध्ये एखादा तरी असतो. त्याचा तळवा पास म्हणेपर्यंत पुढे जायचं नसतं.

यानंतर टेप आणि कागद लावून बाकीची गाडी झाकायची, पत्रा पुसायचा, बेस कोटचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर थोडी विश्रांती, मग क्लिअर कोटचे दोन हात. प्रत्यक्ष फवारणी म्हणजे तासाभराचं काम. त्याआधीची तयारी आणि त्यानंतरचं घासणं-पॉलिश यांत मिळून एक-दोन दिवस जातात. स्वस्त भावात कापलं जातं ते या तयारीतून. हँडल न काढता त्याच्याभोवती टेप लावली, ८० नंतर थेट ३२० घेतला, प्रायमर सुकायच्या आत रंग मारला, तर त्या दिवशी कुणालाही कळत नाही. सहा महिन्यांनी हँडलच्या कडेने रंग पापुद्र्यासारखा सुटतो, किंवा तिरक्या उन्हात पुट्टीचा नकाशा दिसायला लागतो.

भावातला दुसरा मोठा हिस्सा जागेचा. अधिकृत सेंटरमधला पेंट बूथ म्हणजे गाळलेली हवा वरून आत घेणारी आणि रंगाचं धुकं खालून ओढून टाकणारी बंद खोली, वर तापवण्याची सोय. ती उभारायला लाखो रुपये लागतात आणि चालवायला रोज वीज किंवा डिझेल. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बूथ म्हणजे कधी शेडला बांधलेला प्लॅस्टिकचा पडदा, कधी तोही नाही. घोडबंदर रस्त्याची धूळ ओल्या क्लिअर कोटवर बसली की ती कायमची. पावसाळ्यात तर आणखी पंचाईत. हार्डनरमधल्या आयसोसायनेटची हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होते, बारीक बुडबुडे येतात, चमक मरते. रंग तातडीचा नसेल, तर बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये गाडी न दिलेली बरी.

हेच आयसोसायनेट कारागिराच्या फुप्फुसात गेलं तर त्याला दमा लावतं. जगभर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत त्याची गणना होते. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाही. त्याला स्वतंत्र हवा पुरवणारा मास्क लागतो. अडीच हजारांच्या कामात तो मास्क सहसा नसतो. भाव कमी का, या प्रश्नाच्या उत्तराचा तोही एक भाग आहे.

तिसरा हिस्सा खुद्द रंगाच्या जातीचा. साधा पांढरा किंवा लाल ‘सॉलिड’ रंग सगळ्यांत सोपा. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते ज्या कोनात बसतात त्यावर छटा ठरते, त्यामुळे गनचा दाब किंवा अंतर बदललं तरी दरवाजा गडद दिसतो. पर्ल पांढऱ्यात बेस आणि क्लिअर यांच्यामध्ये मोत्याच्या झळाळीचा आणखी एक थर येतो, म्हणजे एक काम जास्त. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली रंगाचा कोड असतो. त्यावरून रंग मिसळतात. पण पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडाशी इमान राखत नाही. म्हणून जाणकार पेंटर नवा रंग शेजारच्या पॅनेलवर विरळ करत नेतो आणि त्या पॅनेललाही क्लिअर मारतो. ‘दरवाजा माझा एक, पैसे दोनचे का?’ या वादाचं मूळ पुष्कळदा इथे असतं, आणि मेटॅलिक गाडीच्या बाबतीत पेंटरचं बरोबर असतं.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. तो काळा रंग झटपट सुकायचा म्हणून, असं सांगतात. इतर रंगांच्या मोटारी वार्निशचे थर सुकवत आठवडेच्या आठवडे कारखान्यात अडकून राहत. १९२३ मध्ये ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्युको’ हा फवारायचा, तासांत सुकणारा रंग आणला आणि रस्ते रंगीत झाले. आपल्याकडे सुतार आणि रंगारी फर्निचरच्या गुळगुळीत स्प्रे रंगाला अजून ‘ड्युको’च म्हणतात.

एका दरवाजाऐवजी अख्खी गाडी रंगवायची म्हटली, की हिशेब पॅनेलचा होतो. बोनेट, छत, डिकी, चार दरवाजे, पुढचे दोन फेंडर, मागचे दोन क्वार्टर पॅनेल, दोन बंपर असे तेरा, शिवाय दाराखालच्या पट्ट्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पॅनेलचा भाव ढोबळमानाने अडीच ते साडेतीन हजार धरला, तर तेरांचे ३२ ते ४५ हजार होतात, आणि घाऊक कामाची थोडी सूट मिळते. अधिकृत सेंटरमध्ये हाच हिशेब ६० हजारांच्या पुढे, मोठ्या गाडीला लाखाच्या घरात जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी, रंग आणि आधीच्या पत्र्याची अवस्था यांनुसार आकडे हलतात. कुणी पंधरा हजारांत ‘फुल बॉडी’ सांगत असेल, तर दरवाजे उघडल्यावर आतली कड, बोनेटची खालची बाजू आणि छत यांचं काय, हे विचारावं. उत्तर तिथेच मिळतं.

रंग तोच ठेवायचा असेल तर आरटीओचा संबंध येत नाही. बदलायचा असेल तर येतो. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो, त्यामुळे पांढऱ्याची लाल करण्याआधी परवानगी घेऊन नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. एक रंग तर खासगी गाडीला वर्ज्यच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे.

‘विमा आहे ना, मग काय चिंता?’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, दोन पॅनेलच्या रंगाचं एकत्रित बिल १०,००० रुपये आलं. त्यातला माल २५ टक्के, म्हणजे २,५००. रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,२५० मालकाच्या खिशातून. इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर सक्तीची वजावट आणखी १,०००. विमा कंपनी देणार ७,७५०. ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारा विमा घेतलेला असेल तर घसाऱ्याचे १,२५० वाचतात, हजार तरीही जातात.

पण खरी किंमत नूतनीकरणाच्या वेळी कळते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० अशी चढते. एक दावा केला की शून्यावर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा प्रीमियम ८,००० धरू. सध्या ३५ टक्के सवलत असलेला माणूस दावा न करता थांबला, तर पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांवर जातो आणि त्यानंतर ५० वर टिकतो. दावा केला तर तो पुन्हा ०, २०, २५, ३५, ४५ अशी शिडी चढतो. पाच वर्षांतला फरक अनुक्रमे ३,६००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००, बेरीज ९,६००. प्रीमियम दरवर्षी थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून कमी येईल. तरीही ७,७५० मिळवण्यासाठी जवळपास तेवढेच घालवण्याचा हा व्यवहार आहे. मोठ्या अपघाताला विमा हवाच. दोन ओरखड्यांना तो बहुतेक वेळा महाग पडतो. ‘नो क्लेम बोनस प्रोटेक्शन’ घेतलेलं असेल तर गणित बदलतं, म्हणून पॉलिसीचा कागद आधी वाचावा.

आणि कधी कधी रंगाची गरजच नसते. ओरखड्यावरून नख आडवं फिरवावं. नख अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटमध्येच आहे, रबिंग-पॉलिशने जातो. मात्र प्रत्येक रबिंगला क्लिअर कोटची थोडी साल निघते, म्हणून दर सर्व्हिसला ते करून घेऊ नये. रंग न तुटता नुसता पोचा आला असेल, तर आतून सळ्या घालून तो काढणारे कारागीर असतात. त्यात रंगाला हात लागत नाही. मूळ रंग टिकवण्याचा आणखी एक फायदा गाडी विकताना दिसतो. जुन्या गाड्या घेणारे आता हातात जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतात. १२० मायक्रॉन दिसले तर रंग कंपनीचा, अडीचशे दिसले तर पुन्हा मारलेला, आणि आकडा पाचशेच्या वर गेला की खाली पुट्टी. त्या आकड्यावर गाडीचा भाव पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी तीन भाव आले, तर आकड्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. हँडल-बीडिंग काढणार का? रंग आणि क्लिअर कोट कोणत्या कंपनीचे? फवारणी बूथमध्ये की शेडमध्ये? शेजारच्या पॅनेलवर रंग विरवणार का? रंग उडाला तर किती महिने जबाबदारी, आणि ती बिलावर लिहून देणार का? उत्तरं तोंडी न ठेवता कागदावर घ्यावीत. मग २,८०० स्वस्त की ६,००० महाग, हे मालकाला स्वतःच ठरवता येतं. पाचही उत्तरं नीट देणारा कोपऱ्यावरचा गॅरेजवालाही असू शकतो.

एवढं करून एक पथ्य पाळावं. गॅरेजमधून गाडी साधारण संध्याकाळी ताब्यात मिळते, ट्यूबलाइटच्या उजेडात, आणि त्या उजेडात प्रत्येक दरवाजा नवा दिसतो. उद्या सकाळी उन्हात बघून घेतो, असं सांगून घरी यावं.